सर्वधर्म संवादाच्या वर्तुळात निसर्गपूजकांची जागा
- प्रतिनिधी

सर्वधर्म परिषद म्हटली की, एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. व्यासपीठावर पंडित, मौलवी, ख्रिस्ती धर्मगुरू, भिक्खू आणि ग्रंथी शेजारी शेजारी बसलेले असतात. प्रत्येकाच्या मागे एक ग्रंथ आणि मोठी परंपरा असते. मात्र, ज्यांच्याकडे ग्रंथ नाही, ज्यांचा देव डोंगरात किंवा झाडात आहे, त्यांची खुर्ची या व्यासपीठावर कोठे असते? गेल्या काही दशकांत आंतरधर्मीय संवादाच्या चळवळीने या प्रश्नाची दखल घेतली आहे. त्याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही.

शिकागोतील अनुपस्थिती

आधुनिक काळातील आंतरधर्मीय संवादाचा प्रारंभ सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेपासून मानला जातो. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ही परिषद भारतीयांच्या स्मरणात आहे. मुंबईहून ब्राह्मो समाजाच्या वतीने बी. बी. नगरकर तेथे उपस्थित होते, तर जैन धर्माची बाजू वीरचंद गांधी यांनी मांडली. मात्र ज्या भूमीवर ही परिषद भरली, तेथील मूळ रहिवाशांना आपल्या धर्माविषयी बोलण्यासाठी बोलावण्यात आले नव्हते. त्यांच्या श्रद्धांविषयीचा निबंध मानववंशशास्त्रज्ञ ॲलिस फ्लेचर यांनी वाचला.

यामागील पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. परिषदेच्या दहाच वर्षे आधी, १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने मूळ रहिवाशांसाठी वेगळी गुन्हे संहिता लागू केली होती. सूर्यनृत्यासारखे त्यांचे धार्मिक विधी तिने दंडनीय ठरविले होते. शिधा बंद करणे आणि तुरुंगवास अशा शिक्षा त्यासाठी होत्या. आपल्या विधींसाठी कायद्याचे स्पष्ट संरक्षण त्यांना मिळाले, ते १९७८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने. एका हाताने धर्माधर्मांतील बंधुभाव आणि दुसऱ्या हाताने बंदी, असे हे विसंगत चित्र होते.

पर्यावरणाने उघडलेले दार

या चित्रात बदल झाला, तो बऱ्याच अंशी पर्यावरणाच्या प्रश्नामुळे. जागतिक वन्यजीव निधीने आपल्या रौप्यमहोत्सवानिमित्त सप्टेंबर १९८६ मध्ये इटलीतील असिसी येथे पाच धर्मांच्या प्रतिनिधींना एकत्र आणले. बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि यहुदी या धर्मांनी निसर्गाविषयीची आपापली भूमिका तेथे जाहीर केली. हिंदू धर्माचे निवेदन डॉ. करणसिंह यांनी मांडले. ईश्वर एक की अनेक, यावर वाद घालण्यापेक्षा नदी आणि जंगल वाचविण्यावर एकमत होणे सोपे आहे, हे तेथे दिसून आले. पण हे पाचही धर्म मोठे आणि ग्रंथाधारित होते. निसर्ग चर्चेत आला, तरी निसर्गपूजक बाहेरच राहिले.

पुढे १९९३ मध्ये शिकागोच्या परिषदेची शताब्दी साजरी झाली, तेव्हा अमेरिकेतील मूळ रहिवासी स्वतःच्या वतीने बोलण्यासाठी आले. युरोपातील प्राचीन निसर्गपूजेचे पुनरुज्जीवन करू पाहणारे गटही सहभागी झाले. ते मात्र सर्वांना रुचले नाही. या गटांच्या सहभागाला आक्षेप घेऊन ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या स्थानिक प्रतिनिधींनी परिषदेतून अंग काढून घेतले.

वर्तुळाची पद्धत

सन २००० मध्ये सनद स्वीकारलेल्या 'युनायटेड रिलिजन्स इनिशिएटिव्ह' या संस्थेने या प्रश्नावर रचनेतूनच तोडगा काढला. बिशप विल्यम स्विंग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेचा मूळ घटक म्हणजे स्थानिक 'सहकार्य वर्तुळ'. त्यात किमान सात सभासद असावे लागतात आणि ते किमान तीन वेगवेगळ्या परंपरांचे असावे लागतात. सनदेत धर्मांच्या जोडीने 'आध्यात्मिक अभिव्यक्ती' आणि 'मूळ रहिवाशांच्या परंपरा' यांचाही बरोबरीने उल्लेख आहे. त्यामुळे ग्रंथ किंवा धर्मपीठ नसणे ही उणीव ठरत नाही.

अशा संवाद वर्तुळांची रीतही परिषदेपेक्षा वेगळी असते. अनेक ठिकाणी सारे गोलाकार बसतात, त्यामुळे व्यासपीठ आणि श्रोते हा भेद उरत नाही. काही ठिकाणी एखादी काठी किंवा दगड हातोहात फिरविला जातो. ती वस्तू ज्याच्या हाती, त्याने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे. आपल्या धर्माची तरफदारी करण्याऐवजी आपला अनुभव सांगायचा आणि धर्मांतराचा प्रयत्न करायचा नाही, ही पथ्ये पाळली जातात. हातोहात वस्तू फिरविण्याची ही प्रथा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या सभांमधूनच प्रचलित झाली आहे.

ओढ आणि उचलेगिरी

शहरी माणसाला निसर्गाधारित अध्यात्माची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या ओढीला दुसरी बाजूही आहे. शिकागोची शताब्दी परिषद झाली, त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेतील लकोटा समाजाने एक कडक जाहीरनामा काढला. आपल्या पवित्र विधींची नक्कल करून त्यांची शिबिरे भरविणाऱ्या आणि पैसे घेऊन ते विधी शिकविणाऱ्यांविरुद्ध तो होता. ज्या समाजाच्या विधींवर एकेकाळी बंदी होती, त्यांचेच विधी आता विकले जात होते.

म्हणूनच संवादाची खरी कसोटी वर्तुळात कोण बसले एवढीच नाही; त्या माणसाचा डोंगर त्याच्याकडे राहिला का, ही आहे. ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. डोंगरिया कोंध आदिवासी या डोंगरावर नियमराजाचा वास मानतात. तेथील नियोजित बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय देताना आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. त्यानंतर झालेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगर हेच देवस्थान असू शकते, हे येथे कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

नोंदीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. २०११ च्या जनगणनेत 'इतर धर्म' या सदरात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४९ लाख ५७ हजार जणांनी आपला धर्म 'सरना' असा लिहिला. सरना म्हणजे पवित्र वनराई. या धर्मासाठी स्वतंत्र रकाना असावा, असा ठराव झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये केला.

देवराईचा धडा

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सह्याद्रीच्या गावागावांतून देवराया आहेत. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवाच्या रानातील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, या दंडकाने ही राने राखली. मात्र, तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती आणि झाडांच्या सावलीतील उघड्या देवस्थानाच्या जागी सिमेंटचे देऊळ आले की राईची झाडे तुटू लागतात, हेही अनेक ठिकाणी दिसते. श्रद्धा वाढते, पण राई आक्रसते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील 'ओरण' या देववनांना संरक्षण देण्याचे आदेश दिले, तेव्हा ही वने राखणाऱ्या समाजांच्या भूमिकेवरही भर दिला. आंतरधर्मीय संवादाने घ्यावा असा धडा यातच आहे. निसर्गपूजकांकडून काय शिकता येईल, हा प्रश्न चांगलाच आहे. पण त्यांचे रान, पाणी आणि डोंगर राखण्यासाठी इतर धर्मीय काय करणार, हे त्याआधी विचारायला हवे. त्याचे उत्तर कृतीतून मिळाले, तरच वर्तुळातील त्यांच्या जागेला अर्थ आहे.