नाट्यपदांतील प्रीती आणि स्त्रीचे स्थान

मराठी संगीत नाटकांतील प्रेमपदे स्त्रीला गौण लेखतात, असा आक्षेप घेतला जातो. नायिकेने झुरावे आणि नायकाने पराक्रम करावा, अशी भूमिकांची वाटणी तेथे आहे, हे आक्षेपकांचे म्हणणे निराधार नाही. परंतु पद नाटकातून वेगळे काढून त्याचा न्याय करता येत नाही. ते कोण म्हणते आणि म्हणणाऱ्याच्या हाती कोणता अधिकार आहे, यावरही त्याचा अर्थ अवलंबून असतो.

संगीत नाटकाच्या उदयापूर्वीची झाशीची एक हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर (मृत्यू १८५३) नाट्याचे मोठे भोक्ते होते. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्यांच्याविषयीची ऐकीव वार्ता नोंदविली आहे. महाराज मधूनमधून स्त्रीवेष धारण करीत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले असता, तुम्ही आम्हां राजांना बांगड्याच भरल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उत्तर मार्मिक खरे. पण बांगडी म्हणजे दुबळेपणा, हे गृहीत धरल्यावाचून त्याला धार येत नाही. शिवाय राजाला बांगड्या उतरविण्याची मुभा होती. त्याच राजवाड्यातील लक्ष्मीबाईंनी १८५८ मध्ये ते गृहीतच खोटे पाडले.

संगीत रंगभूमीवरील स्त्रीत्वही दीर्घकाळ असेच पुरुषांनी पांघरलेले होते. पदे पुरुषांनी रचली आणि नायिकेच्या मुखाने पुरुषांनीच गायिली. बालगंधर्वांच्या भामिनी-रुक्मिणींची वेषभूषा घरोघरच्या स्त्रियांनी उचलली. पुरुषांनी कल्पिलेला आदर्श अशा रीतीने प्रत्यक्ष स्त्रीजीवनात शिरला. आक्षेपाचे खरे बळ येथे आहे.

तरीही सर्व नाटके एका मापाने मोजता येत नाहीत. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) बलरामाने दुर्योधनाशी ठरविलेला विवाह सुभद्रेला मान्य नाही. तिची इच्छा हाच कथेचा आस आहे. मात्र सूत्रे कृष्णाच्या हाती आहेत, आणि तिला अंधारातच ठेवले जाते. तिच्या पदांतील विरह या असहायतेतून येतो. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील (१९११) भामिनी वरकरणी अधिक स्वतंत्र आहे. निर्धन धैर्यधराला ती स्पष्ट नकार देते. पण नाटक या नकाराला दोष मानते. वनमाला होऊन, वैभव झाकूनच तिला प्रेम लाभते. धैर्यधराचा ताठा मात्र वीराचे भूषण ठरतो. मान दोघांनाही आहे, प्रायश्चित्त एकटीलाच. त्याच नाटककाराच्या ‘स्वयंवरा’त (१९१६) रुक्मिणी भावाच्या विरोधाला न जुमानता कृष्णाला वरते, आणि तिच्या प्रीतीच्या पदांना निर्धाराचे अधिष्ठान मिळते.

यावरून दोन गोष्टी दिसतात. नाटक उत्तरकालीन म्हणून ते स्त्रीविषयी अधिक उदार असतेच असे नाही. आणि शब्द कोमल आहेत म्हणून पद स्त्रीला हीन लेखते, असेही नाही. आर्जव हा प्रीतीचा सहजधर्म आहे. तो पुरुषालाही शोभतो. नायिकेला नकाराचा अधिकार आहे काय, आणि तो वापरल्याबद्दल नाटक तिला शासन करते काय, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर ‘मानापमान’ सदोष ठरते. त्यातील पदांचे गानसौंदर्य त्यामुळे उणावत नाही. परंतु ते सौंदर्य या दोषाचे समर्थनही होऊ शकत नाही.