अजिंठ्याचा घाट : दक्षिणापथाचें एक द्वार

जामनेरच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्या उत्तरेकडील पाणी तापीस मिळतें, दक्षिणेकडील गोदावरीस. ही रांग जणूं तटच. परंतु तटास दारें असतात, तशीं हिलाही आहेत. फर्दापुराहून अजिंठा गांवीं चढणारा घाट हें त्यांपैकीं एक.

पाली सुत्तनिपातांत बावरी नामक ब्राह्मणाची कथा आहे. तो कोसल देश सोडून दक्षिणापथांत आला व गोदातीरीं अश्मकांच्या देशीं आश्रम करून राहिला. पुढें त्याचे 16 शिष्य बुद्धदर्शनार्थ प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी या क्रमानें उत्तरेस गेले. घाटाचें नांव ग्रंथांत नाहीं; तथापि पैठणाहून नर्मदेकडे जाणाऱ्यास ही रांग ओलांडून खानदेशांत उतरल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

घाटानजीक वाघूर नदीनें घोड्याच्या नालेसारखें वळण घेतलें आहे. तेथील कड्यांत ख्रिस्तपूर्व काळापासून लेणीं कोरलीं गेलीं. भिक्षूंस एकांत हवा, तशीच भिक्षेसाठीं व दानासाठीं वाहती वाटही हवी. येथें दोन्हीं साधलीं.

आम्ही लेणीं पाहून परततों आणि वाटेस विसरतों. घरोघरीं कुळाचें मूळ गांव अभिमानानें सांगतात. त्यामागील पायपीट मात्र कोणी सांगत नाहीं. मुलांस लेणीं दाखवितांना घाटाकडेही बोट करावें व सांगावें कीं, आपले पूर्वजही कधीं काळीं कोठून तरी चालतच आले. मग आज पोटासाठीं आपल्या गांवीं येणाऱ्यास परका म्हणण्यापूर्वीं तीं क्षणभर थांबतील.