जुन्या खुणेवर टाइमिंग लावू नये

पुणे-नगर रस्त्यावरच्या एका गॅरेजातले मिस्त्री टाइमिंग चेनचं काम असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच मागवून घेतात. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू होताना ऐकायचं असतं. चावी फिरली, बॉनेटखाली उजव्या बाजूला दोन-तीन सेकंद खडखड झाली आणि आवाज विरून गेला. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत ढिली चेन कव्हरच्या आत आपटत राहते. "तेल वर चढलं की गप्प बसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात," मिस्त्री म्हणाले.

या गॅरेजपासून पुढे रांजणगावला फियाट आणि टाटांच्या कारखान्यात ज्या जातीची इंजिनं बनली, त्यातलंच हे एक: १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, १६ वॉल्व्ह. मारुतीसाठी हेच इंजिन मानेसरला बनत होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि त्याचं पर्व संपलं, पण आपल्या रस्त्यांवर ते अजून भरपूर धावतं आहे. या इंजिनाला टाइमिंगचा पट्टा नाही, चेन आहे. 'चेन म्हणजे जन्मभराची सोय' असं गाडी विकताना सर्रास सांगतात. वेळेवर बदललेलं तेल ही त्यातली अट मात्र सांगायची राहते.

उजवं चाक निघालं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि त्या बाजूचं माउंटिंग सोडलं. पुली, बेल्ट, वरचं टॅपेट कव्हर, खालचं ऑइल चेंबर. यात अर्धा दिवस जातो. टाइमिंग कव्हर निघाल्यावर चेन दिसली. टेन्शनरचा दांडा जवळपास शेवटपर्यंत बाहेर आला होता. गाइडच्या प्लॅस्टिकवर चेनने दोन खोल चर पाडले होते. चेंबरमध्ये तेलाच्या जाळीला त्याच प्लॅस्टिकचे काळे तुकडे चिकटलेले. ही जाळी पूर्ण तुंबली असती, तर चेनबरोबर बेअरिंगही गेली असती.

मिस्त्रींनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली. जुनी काही मिलिमीटर लांब भरली. पोलाद ताणलं गेलं असं आपण समजतो, पण झिजतात त्या कड्यांमधल्या पिना. डिझेलची काजळी तेलात मिसळते आणि तेल जुनं झालं की पॉलिशपेपरसारखी पिना घासत राहते. एका कडीत मिलिमीटरचे तीन शतांश वाढले, तर शंभर कड्यांत तीन मिलिमीटर होतात. मग त्यांनी दोन्ही चेन आडव्या धरल्या. नवी ताठ राहिली. जुनी दोन्ही टोकांना खाली झुकली.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. चेनने दात सोडले आणि हा मेळ चुकला, तर पिस्टन वर येताना उघडा वॉल्व्ह त्याच्या वाटेत असतो. म्हणून क्रँक आणि कॅम नेमक्या जागी धरायला लॉकिंग पिना असतात. अनेक ठिकाणी त्या न वापरता जुन्या चेनवर आणि दातांवर पेंटची खूण करतात, तीच नव्या चेनवर उतरवतात. पण चेनने आधीच एखादा दात सोडला असेल, तर कॅम जागेवरून सरकलेला असतो. जुनी खूण उतरवली की जुनी चूकही नव्या चेनबरोबर आत जाते. हे मिस्त्री खूण करतच नाहीत. बोल्ट आवळतानाही पिनेवर जोर येऊ देत नाहीत, कारण पीन जागा दाखवण्यासाठी आहे, ताकद पेलण्यासाठी नाही.

चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट, सगळं नवं बसलं. नुसती चेन बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवतात. झिजलेल्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. मग लॉकिंग पिना काढल्या, क्रँकच्या बोल्टला गोटी लावली आणि लांब दांड्याने इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. पिना पुन्हा घातल्या. दोन्ही अलगद आत गेल्या. त्या अडल्या असत्या, तर सगळं परत उघडलं असतं.

कव्हरच्या कडा घासून स्वच्छ केल्या, सिलिकॉनची बारीक धार ओढली. जास्त सिलिकॉन आत सांडलं की तेही त्याच जाळीत जाऊन बसतं. ते सुकल्यावर नवं तेल आणि नवा फिल्टर. स्टार्टर मारून आधी तेलाचा दाब आणला, मग इंजिन सुरू केलं. खडखड नव्हती.

तुमच्या डिझेल गाडीत सकाळी असा आवाज येत असेल, तर आधी तेलाची काडी काढून पातळी बघा आणि गाडी लवकर दाखवा. काम करून घेताना पूर्ण किट मागा, आणि कव्हर बंद होण्याआधी मिस्त्रींना विचारा, "हाताने दोन फेरे फिरवून पिना परत घातल्या का?"