दिंडोरीची सिराह, वसईचा उन्हाळा

वसईला वाइन नवी नाही. नाताळात इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत बेदाण्याची, जांभळाची घरगुती वाइन निघते आणि सणाबरोबर संपते. पाच-सहा वर्षं ठेवून मुरवायची लाल वाइन मात्र इथल्या सवयीत नाही. संपादकांनी नेमकं तेच विचारलं होतं: एकाच बागेतल्या द्राक्षांची, मुरण्याजोगी वाइन आपल्याकडे होते का, आणि ती वसईत टिकेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चिंचोटी, भिवंडी, कसारा घाट ओलांडून नाशिकला मिळतं. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, 1999 मध्ये त्यांनी सुला ही वायनरी उभी केली आणि आईच्या सुलभा या नावावरून तिला नाव दिलं. 2001 मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि नाशिक वाइनचा जिल्हा झाला. तिथे सिराह या जातीच्या द्राक्षाची वाइन दोन ठिकाणी पाहावी. एक, सुलाची दिंडोरी रिझर्व्ह. तिच्या बाटलीवर 'शिराझ' असतं, जात तीच. दुसरी, निफाडजवळच्या रेव्हेलो वायनरीची. हे लोक स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांचीच वाइन करतात. इराणच्या शिराझ शहराशी या द्राक्षाचं नातं सांगणारी कथा 1998 च्या डीएनए तपासणीने निकालात काढली. सिराहचे आईबाप आग्नेय फ्रान्सचे, मोंद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा.

नाशिकच्या बागांत मी थबकलो ते छाटणीपाशी. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून माणसानेच तिचं वर्ष ठरवायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतर काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडांचा पाया पडतो. पावसाळा वेल नुसत्या पानांवर काढते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, डोळ्यांना फुटण्यासाठी पेस्ट लावतात, आणि जानेवारीच्या आसपास मण्यांत पाणी उतरतं. दोन छाटण्या, पीक एकच. मी पाहिलेला छाटणीवाला मोखाड्याकडचा, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यातला. दरवर्षी त्या भागातून माणसं द्राक्षाच्या कामाला नाशिककडे जातात. तो आधी काडीची जाडी दोन बोटांनी चाचपायचा, डोळे निरखायचा आणि मगच कात्री चालवायचा. कोणता डोळा घड देईल हे तो स्पर्शाने ठरवत होता, आणि त्याच्या प्रत्येक कापावर त्या वेलीचं अख्खं वर्ष अवलंबून होतं. वाइनच्या माहितीपत्रकांत पिंपांचं लाकूड कोणत्या देशाचं आहे ते छापलेलं असतं. या माणसाचा उल्लेख मला एकाही पत्रकात सापडला नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

सिराहची ओळख म्हणजे काळ्या मिरीचा वास. रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं. तेच द्रव्य खऱ्या मिरीतही असतं. त्यांच्या चाचणीत सुमारे 20 टक्के लोकांना हा वास अजिबात येत नव्हता. तेव्हा घरातल्या एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर वाद घालू नये. थंड हवेत हे द्रव्य जास्त साठतं. नाशिकची खरी अडचण इथेच आहे. युरोपात मणी थंडीकडे सरकत पिकतात, नाशिकला थंडीतून उन्हाकडे. काढणी मार्चवर ढकलली की साखर चढते आणि मिरी हरवते. वेळेत काढलेली दिंडोरी रिझर्व्ह मी चाखली, तेव्हा आधी आलुबुखार आला, मग मिरी, त्यामागून ओकच्या पिंपाचा धूर. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतो तसा तुरटपणा शेवटपर्यंत होता. हा तुरटपणाच वाइनला वर्षं काढू देतो. माझ्या मते ही वाइन तीन ते पाच वर्षं ठेवण्याच्या लायकीची आहे.

पण ती ठेवायची 12 ते 14 अंशांत, अंधारात, आडवी. वसईत मे महिन्याच्या रात्रीही पारा पंचविशीखाली क्वचितच उतरतो. आपल्या दमट हवेने बूच सुकत नाही, फार तर लेबलला बुरशी येते. खरा शत्रू उष्णता. आठवड्यामागून आठवडे तिशीत राहिलेली वाइन फुगून बूच वर ढकलते, फळाचा वास शिजून मुरंब्यावर जातो आणि मिरी हरवते. माझ्या भागातल्या एका दुकानातून आणलेली बाटली अशीच निघाली. ती दर्शनी काचेत, उन्हात उभी ठेवलेली होती. मोखाड्याच्या माणसाने ऑक्टोबरात जपलेलं सगळं त्या फळीवर वाया गेलं होतं. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो मागे पडला. त्या सगळ्या वादात बाटली किती अंशांत राहणार, हा प्रश्न माझ्या वाचनात आला नाही.

घरचा फ्रिज यासाठी नाही. त्यातली थंडी जास्त, आणि महिनोन्‌महिने ठेवलं तर बूच कोरडं पडतं. वाइनचं वेगळं कपाट मिळतं, पण पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली की त्याचाही भरवसा नाही. म्हणून वसईकराने सिराह साठवू नये. ती थंडीच्या दिवसांत, सर्वात अलीकडच्या सालाची घ्यावी, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि होळीच्या आत संपवावी. घेताना बूच वर आलेलं नाही ना ते पाहा, आणि दुकानदाराला विचारा, हा माल गेला उन्हाळा कुठे होता? त्याला सांगता आलं नाही, तर बाटली परत फळीवर ठेवा.