फूल फूल म्हणून पाहणाऱ्या दुर्गाबाई

फाल्गुन लागला की यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना रान जागोजागी पेटल्यासारखं दिसतं. पानं झडलेल्या पळसाच्या काळसर, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर केशरी फुलांचे घोस! पळसाला वास नाही. पण फुलात मध भरपूर; सूर्यपक्षी आणि साळुंक्या दिवसभर त्यावर तुटून पडलेल्या असतात. गंधावाचून या झाडाचं कसं निभतं, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडतो? दुर्गा भागवतांना असे प्रश्न पडत. त्या इकडच्या नव्हेत, तरी या रानातून जाताना आठवण त्यांचीच येते.

१९१० साली इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाईंचा पिंड संशोधकाचा. धाकटी बहीण कमला सोहोनी जीवरसायनशास्त्रात केंब्रिजपर्यंत पोचली. बाई संस्कृत, बौद्ध वाङ्मय, समाजशास्त्र आणि लोकसाहित्य यांत रमल्या. गोंड आणि इतर आदिवासींचा अभ्यास करायला मध्य प्रांताच्या जंगलांत त्या हिंडल्या. तिथे खाण्यात काही विषारी आलं आणि ऐन उमेदीची काही वर्षं अंथरुणात गेली. एवढं सोसूनही रानावरचा त्यांचा लोभ आटला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

१९५६ साली ‘ऋतुचक्र’ आलं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने. मराठीत तोवर फुलांवर लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. पण फूल म्हणजे बहुधा प्रेयसीचा गाल, नाहीतर आयुष्याच्या क्षणभंगुरतेवरचं प्रवचन. बाईंनी फूल आधी फूल म्हणून पाहिलं. त्याचा रंग केव्हा पालटतो, पाकळी कशी गळते, त्या झाडाभोवती लोकांनी कोणत्या कथा आणि व्रतं रचली, हे सारं त्यांनी सारख्याच आस्थेनं टिपलं. ललित निबंध आणि अभ्यासकाची टिपणवही यांत त्यांनी भिंत घातली नाही. ‘खमंग’सारखं पाककृतींचं पुस्तक लिहिणारी बाई होती ती, जिभेलाही तेवढाच मान!

अशा नजरेला आपला जिल्हा म्हणजे पर्वणीच. मोहाचं फूल घ्या. रात्री उमलतं, पहाटे टपटप खाली पडतं. गोंड-कोलामांच्या बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. त्या फुलाला देव्हाऱ्याआधी वाळवणात जागा असते, कारण त्यावर घरची मीठमिरची चालते. किंवा कपाशीचं फूल. पहिल्या दिवशी ते दुधाळ पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळून जातं आणि मागे बोंड धरतं. लाखो एकरांवर हे फूल आपल्याकडे उमलतं आणि कुणी त्याच्याकडे फूल म्हणून ढुंकूनही बघत नाही. शेतकरी बोंडं मोजतो, व्यापारी भाव. बिचाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

फुलांवर प्रेम करणारी बाई म्हटली की आपण तिला नाजूक ठरवून मोकळे होतो. १९७५च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात हा समज उघडा पडला. देशात आणीबाणी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षपदी दुर्गाबाई. आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करावी, असं त्यांनी त्या मंडपात सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात वाचत बसलेल्या असताना. पुढे मानसन्मान चालून आले, तेही त्यांनी नाकारले. डोळ्यांना जे दिसलं ते तसंच सांगायचं, ही सवय पळसापुढे आणि मंत्र्यांपुढे वेगवेगळी ठेवता येत नसावी.

यवतमाळला संमेलन दोनदा झालं. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते. २०१९च्या जानेवारीत अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या, पण त्याआधीच नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली. अखेर उद्घाटन झालं ते जिल्ह्यातल्याच एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. कपाशीच्या फुलामागे काय असतं, हे त्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. निमंत्रण परत घेण्याचा प्रकार मात्र आपल्या गावाला शोभला नाही, हे इथल्या माणसानंच म्हणायला हवं. त्या दिवसांत कऱ्हाडची आठवण ज्यांना झाली नाही, त्यांनी दुर्गाबाईंची फक्त फुलंच वाचली असणार.

७ मे २००२ला बाई गेल्या. पंचांगात चैत्राचा वद्य पक्ष चालू होता. ‘ऋतुचक्र’ ज्या महिन्यापासून सुरू होतं, तोच महिना. त्या दिवसांत आपल्याकडे पळस संपून हिरवा झालेला असतो, मोहाला फळं धरू लागतात आणि कुठेकुठे बहाव्याचे पिवळे घोस नुकते लोंबायला लागलेले असतात.