कोर्टाची पायरी चढलेल्या चौघीजणी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ हे आमच्या आजोबांचे आवडते वचन. त्यामुळे वकील म्हणजे दुसऱ्यांच्या भांडणांवर जगणारा प्राणी, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. दानधर्माचे खाते निराळे. ते देवळात, अनाथाश्रमात, फार तर महिला मंडळात! दर दिवाळीला आमच्या मंडळातर्फे मुलांच्या एका वसतिगृहात फराळाचे डबे जातात. त्यांत माझ्याही करंज्या असतात, आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परतताना पदरी थोडे पुण्य पडल्याच्या खुशीत मी असते. ह्या खुशीला धक्का दिला तो सातासमुद्रांपलीकडच्या चार कृष्णवर्णी वकीलबाईंनी.

पहिल्या शार्लट रे. १८७२ साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याची परीक्षा उतरल्या आणि अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णी स्त्री-वकील झाल्या. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्या वेळी पाच-सहा वर्षांच्या पोर होत्या, आणि आपल्याकडे स्त्रियांना वकिलीचे दार उघडणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले! रेबाईंनी १८७५ साली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून सुटका मागणाऱ्या एका अशिक्षित बाईची बाजू कोर्टात मांडली. पण वर्ण काळा आणि जन्म बाईचा, अशीलच फिरकेनात. अखेर पाटी उतरवून त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि ब्रुकलिनच्या शाळांत शिकवू लागल्या.

दुसऱ्या आयोवा राज्यातील डे मॉइन शहरच्या गर्ट्रूड रश. पतीच्या हाताखाली त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि १९१८ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. पण समाजकार्य त्याआधीचे. १९१२ साली त्यांनी एक धर्मादाय मंडळ काढले. त्या मंडळाने कृष्णवर्णी मुलींसाठी घर उभे केले. आणि एवढ्यावर न थांबता, मुलांच्या कोर्टात एक कृष्णवर्णी देखरेख अधिकारी नेमावा, म्हणून पाठपुरावा करून तो नेमवून घेतला. पोराला खाऊ देणारे पुष्कळ. पण ते पोर न्यायाधीशापुढे उभे राहते तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे कोणी असावे, हे ह्या बाईंना सुचले! पुढे १९२५ साली, गोऱ्या वकिलांच्या संस्थेची दारे बंद म्हणून कृष्णवर्णी वकिलांनी आपली स्वतंत्र संस्था स्थापली. तिच्या संस्थापकांत ह्या एकट्याच बाई.

तिसऱ्या जेन बोलिन. २२ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया ह्यांनी त्यांना जागतिक प्रदर्शनाच्या जागी बोलावून घेतले. कारण सांगितले नव्हते. काहीतरी कानउघाडणी होणार, ह्या धास्तीनेच त्या पतीसह गेल्या. आणि तिथे त्यांना शपथ देण्यात आली ती न्यायाधीशपदाची! वय अवघे एकतीस. अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णी स्त्री-न्यायाधीश. कौटुंबिक तंट्यांच्या कोर्टात त्या जवळजवळ चाळीस वर्षे बसल्या. मुले बुजू नयेत म्हणून काळा झगा घालण्याचे त्या टाळीत. त्या काळी सरकारी पैसा घेणाऱ्या कित्येक खाजगी बालसंस्था वर्ण पाहून मुलांना परत पाठवीत. जेनबाईंनी ते बंद पाडले : सरकारचा पैसा हवा तर सरकारची सगळी मुले घ्या! निवृत्तीनंतर ह्या बाई घरी स्वस्थ बसल्या म्हणता? छे! शहरातल्या शाळांतून मुलांना वाचायला शिकवू लागल्या, तेही विनावेतन.

चौथ्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली. बारा भावंडांत नववी, वडील स्वयंपाकी, कॉलेजचे नाव काढण्याची सोय नाही. एका समाजमंदिरातील सभेत ही पोर सडेतोड बोलली. ते ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या धनिकाने तिच्या शिक्षणाचा सारा खर्च उचलला. १९४६ साली तिने कायद्याची पदवी मिळवली. पुढे मिसिसिपी विद्यापीठात शिरू पाहणाऱ्या जेम्स मेरेडिथचा खटला तिने चालवला, आणि १९६२ साली त्या विद्यापीठाला कृष्णवर्णी विद्यार्थ्यासाठी दार उघडावे लागले. सर्वोच्च न्यायालयात तिने दहा खटले लढवले, त्यांतले नऊ जिंकले. १९६६ साली ती संघ-न्यायालयाची न्यायाधीश झाली. एका माणसाने एका मुलीची फी भरली. त्या मुलीने हजारोंच्या वाटेतली कुलुपे काढली. दानाला असे व्याज क्वचितच लागते.

आजोबा हयात असते तर मी त्यांना म्हटले असते, ‘आजोबा, शहाण्याने पायरी चढू नये हे खरे, पण ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी कोणीतरी शहाणीने ती चढावी लागते!’

ह्या दिवाळीतही करंज्या करीनच. गोडाधोडाला नाक मुरडणारी मी नव्हे. मात्र डबे पोचवताना यंदा व्यवस्थापकांना एक प्रश्न विचारायचा, असे मी ठरवले आहे : ह्या दारातून गेल्या वर्षी किती मुले परत गेली, आणि का? उत्तर ऐकायला मंडळातल्या चारजणी बरोबर येणार आहेत. त्यांतली एक वकील आहे.