फुंकर मारून कळत नाही ते

ट्रक किंवा बस चालवण्याच्या परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, ‘फॉर्म १-अ’. त्यात सगळा भर शरीरावर: दूरचे दिसते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू येते का, हातपाय धड आहेत का. झोप लागते का, रोज किती पिता, जीव घाबरा होतो का, यासाठी रकाना नाही.

उरलेले काम नाक्यावरच्या पोलिसाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य आढळले की गुन्हा. पण फुंकर मारायच्या यंत्राला फक्त दारू कळते. गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या त्यातून निसटतात. शिवाय ते सांगते त्या घडीपुरतेच. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याचे व्यसन त्यात उमटत नाही.

ते ओळखायला सुरुवातीला कागद-पेनही पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दारूविषयीची दहा प्रश्नांची चाचणी आहे. नैराश्यासाठीची ‘पीएचक्यू-९’ मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारते. त्यातून निदान होत नाही, पण पुढे कोणाला नीट तपासायचे ते कळते. निदान झाले म्हणजे स्टिअरिंग सुटले, असेही नाही. औषधाने स्थिरावलेला नैराश्याचा रुग्ण उत्तम गाडी चालवू शकतो. पाहायचे ते त्याचे लक्ष, निर्णय, झोप आणि गोळ्यांची गुंगी. गोळी नवी असताना किंवा मात्रा बदलल्यावर जास्त जपायचे.

अडचण आहे ती खऱ्या उत्तराची. कलम १९ नुसार सराईत दारुड्याचा किंवा अमली पदार्थांच्या व्यसनी माणसाचा परवाना रद्द होऊ शकतो. ज्याची चूल ट्रिपवर पेटते, तो ‘पितो’ असे लिहून कशाला देईल?

अमेरिकेत दारू किंवा अमली पदार्थांच्या चाचणीत सापडलेल्या व्यावसायिक चालकाला लगेच गाडीवरून उतरवतात, आणि २०२० पासून राष्ट्रीय नोंदवहीमुळे मालक बदलूनही ते लपत नाही. पण परतीची वाटही नियमातच आहे: तज्ज्ञाकडून तपासणी, उपचार, पुन्हा चाचणी. ती पार पडली की काम करता येते. मात्र पहिल्या १२ महिन्यांत किमान सहा चाचण्या न सांगता होतात.

आपल्या फॉर्ममध्ये चार प्रश्न वाढवणे सोपे आहे. उपचाराच्या काळात नोकरी टिकेल ही हमी अवघड आहे, आणि ती आधी द्यावी लागेल. नाहीतर नव्या रकान्यांतही सगळीकडे ‘नाही’च लिहिले जाईल.